विभूतीमास्तर आणि शेकडा शंभर

विभूतीमास्तर प्रश्न विचारायला नेहमी शेवटच्या बाकापासून सुरुवात करत. साऱ्या सोलापुरात असा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या बाकांवरची हुशार पोरं हात वर करकरून दमत आणि मास्तर मागे येऊन आमच्यासारख्या कच्च्यांच्या शेजारी टेकत. "हुशार पोराला मास्तर कशाला लागतो रे तम्मा? त्याला पुस्तक पुरतं की," असं ते म्हणत. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, म्हणून पोरांत त्यांचं हे नाव पडलेलं. ते अक्कलकोटकडचे. घरी कानडी बोलत, आम्हाला मराठी शिकवत आणि लाडात आले की 'तम्मा', म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारत.

वर्गातली निम्मी पोरं विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी. मीही त्यातलाच. गणितं मला चटकन सुटत, पण मराठी निबंधाचं पान मास्तरांच्या लाल शाईने भरून जाई. मास्तर आम्हाला आधी गोष्ट तेलुगूत सांगायला लावत, मग तीच मराठीत लिहायला. एखादा शब्द अडला की सरळ विचारत, "ह्याला तुमच्यात काय म्हणतात?" आणि आपल्या वहीत टिपून घेत. पोरांकडून शिकणारा मास्तर म्हणून बाकीचे शिक्षक त्यांना हसत. हसोत बापडे, त्यांच्या वर्गातलं एकही विणकराचं पोर चौथीच्या पुढे टिकत नव्हतं.

एकोणीसशे तीसच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. सातवीची फायनल म्हणजे तेव्हा लहान गोष्ट नव्हती. ती पास झालेला पोरगा शाळेत मास्तर होई, कचेरीत चिकटे. नापास झाला किंवा बसलाच नाही, तर जन्मभर माग. परीक्षा सगळ्या जिल्ह्याला एकच, पेपर तेच, तपासणारे परके. निदान तिथे तरी बापाचं नाव विचारत नसत.

पण तिथवर कुणी पोचू देईल तर ना. आमच्या हेडमास्तरांना निकाल शेकडा शंभर हवा असे. तो दरवर्षी लागेही, आणि शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला आले की शेरेबुकात कौतुकाचा शेरा लिहून जात. हे शंभर कसे जमत? कच्च्या पोराला परीक्षेला बसूच द्यायचं नाही. बसला नाही म्हणजे नापासही झाला नाही. आजाऱ्याला दारातूनच हाकलायचं आणि आमच्या दवाखान्यात कुणी मरत नाही म्हणून मिरवायचं, त्यातलाच हा प्रकार.

त्या वर्षी वर्गात आम्ही तेवीस होतो. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी हेडमास्तरांच्या खोलीतून आली, तिच्यात नावं बारा. विभूतीमास्तर तडक आत गेले. बाकीच्या अकरा जणांचे अर्ज त्यांना दाखवण्यात आले. घरच्या अडचणीमुळे मुलाला परीक्षेला बसवता येत नाही, असा अकराही अर्जांत एकच मजकूर, एकच हस्ताक्षर आणि खाली अकरा बापांचे अंगठे.

संध्याकाळी मास्तर माझा अर्ज घेऊन आमच्या घरी आले. वडील मागावर होते. मास्तरांनी अर्ज वाचला, मग मला म्हणाले, "तेलुगूत सांग तुझ्या वडलांना." मी सांगितला. वडील खाली उतरले, हात पुसले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "हेडमास्तर बोलले, अंगठा लाव, पोरगा परीक्षेला बसतो. मी लावला की. नारळ पण दिला."

मास्तरांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, "अप्पा, तो नारळ त्यांना पचणार न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा अकरा जणांना सात रस्ता चौकातून रांगेने चालवत डेप्युटींच्या कचेरीत नेलं आणि बाहेरचे उमेदवार म्हणून आमचे फॉर्म भरले. पुढचे दोन महिने ते रोज शाळा सुटल्यावर आमच्या बोळात बसून आम्हाला शिकवत होते.

अकरांत चार पास झाले. सात पडले, त्यांत मीही होतो. हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, "पाहिलंत ना तुमचं दिवाळं?" विभूतीमास्तर म्हणाले, "सात पोरं परीक्षेत पडली. तुमी त्यांना दारातच पाडत होता." महिन्याभरात त्यांची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केमला बदली झाली. खोटे अर्ज लिहिणारा खुर्चीत राहिला आणि पोरांना परीक्षेला बसवणारा गाव सोडून गेला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बाहेरून बसलो आणि चांगल्या गुणांनी पास झालो. लगेच हेडमास्तरांचं बोलावणं आलं. डेप्युटीसाहेबांसमोर 'हा आमच्या शाळेचा विद्यार्थी' म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. त्या अर्जाबद्दल तिथेच बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या माणसाचा मला अजून संताप येतो, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त.

आठवड्याने मी गाडीने केमला गेलो. मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून पहिलीतल्या पोरांच्या पाट्या तपासत होते. मी पायाला हात लावला, निकाल सांगितला, हाराचंही सांगून टाकलं. त्यांनी शेंगा आणि गूळ पुढे ठेवला.

"पास झालास, लई बरं झालं. हाराचं सोड," ते म्हणाले. "आणि बाकीचे सहा?"

"कुठले सहा?"

त्यांनी नावं घेतली. नरसय्या, राजय्या, इस्माईल, दोन्ही लक्ष्मण, आणि अडखळत बोलणारा शंकर. "ह्यातलं कोण परत बसलं?"

नरसय्याचं घर आमच्या घराला लागून. त्याच्या मागाचा आवाज मला भिंतीतून रोज ऐकू येत होता, आणि वर्षभरात एकदाही मी त्याला परीक्षेचं विचारलं नव्हतं.