संकल्पातला देश

माझी नात एकोणिसाव्या वर्षी फुटबॉलच्या व्यावसायिक संघात गोलरक्षक म्हणून रुजू झाली, तेव्हा अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आमच्या घरी फोनमागून फोन आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच : "काका, टीव्हीवर कधी दिसणार?" ती तर दिसतच होती. प्रत्येक सामन्यात, राखीव खेळाडूंच्या बाकावर, गुडघ्यांवर जाकीट पांघरून. संघात गोलरक्षक एकच खेळतो आणि तो दुखावल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही, हे मला ठाऊक नव्हते. मी सर्वांना सांगत असे, की तिला प्रशिक्षकांच्या अगदी जवळचे आसन दिलेले आहे. वेदपाठशाळेत गुरुजींच्या शेजारी बसायला मिळावे म्हणून मी चार वर्षे घालवली होती. नातीला ते पहिल्याच आठवड्यात लाभले, याचा मला मनापासून अभिमान होता.

सातव्या महिन्यात मुख्य गोलरक्षक लंगडत बाहेर गेली आणि आमची नात मैदानात उतरली. ती आम्ही बसलो होतो त्या बाजूच्या, अलीकडच्या जाळ्यापुढे उभी होती. मी हात जोडले आणि तिच्याकडे दृष्टी लावून रक्षास्तोत्राचा जप सुरू केला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि माझी दृष्टी रंगांतला फरक दाखवण्याइतकी राहिलेली नाही. उत्तरार्धभर मी अलीकडच्याच जाळ्याकडे पाहून जप केला. तिथल्या मुलीने चार अवघड चेंडू अडवले. प्रत्येक वेळी मी सद्गदित झालो.

परतताना गाडीत नात मागे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्यांच्या कीपरसाठी प्रे करत होता?"

"म्हणजे काय! म्हणून तर हरलो," माझा मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला. "बाबा, पुढच्या वेळी जप मध्यंतरापर्यंतच ठेवा."

हरूनही तिचा खेळ कोणाच्या तरी नजरेत भरला होता. माझी सून मूळची आयर्लंडची, त्यामुळे नातीजवळ दोन देशांचे पासपोर्ट आहेत. अमेरिकेने तिला दोनदा तरुणांच्या शिबिराला बोलावले होते, पण तिसरी गोलरक्षक म्हणून. म्हणजे पुन्हा बाकच. आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाने पत्र पाठवले, की पात्रता सामन्यात तुलाच उभे करू. एकदा असा सामना खेळले, की दुसऱ्या देशाकडे परतणे जवळजवळ बंद होते. उत्तर शनिवारी सकाळी दहापर्यंत हवे होते.

घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणे, "इथे जन्मली, इथे शिकली, थोडा धीर धर." सूनबाई काही बोलत नसत, त्यांच्या वतीने त्यांच्या मातोश्री, माझ्या विहीणबाई, आयर्लंडहून टॅबलेटच्या पडद्यावरून बोलत. भारत दोन नागरिकत्वे मान्य करत नसल्यामुळे माझा देश स्पर्धेतच नव्हता, आणि म्हणून मी तटस्थ समजला जात होतो.

शुक्रवारी नात म्हणाली, "आजोबा, उद्या पूजा करू या ना. मला डोकं शांत पाहिजे."

शनिवारी सकाळी ती स्नान करून पाटावर बसली. फोन जवळ हवाच होता. तो पालथा ठेवण्याच्या अटीवर मी परवानगी दिली. आचमन झाले. तिच्या उजव्या तळहातावर अक्षता ठेवल्या, पळीभर पाणी घातले आणि संकल्प सांगायला लागलो. संकल्पात आपण कुठे आहोत, कोण आहोत आणि काय इच्छितो, हे क्रमाने उच्चारावे लागते.

"नेपरव्हिलला संस्कृतमध्ये काय म्हणतात?" तिने विचारले.

"क्रौंचद्वीप."

"सगळ्या अमेरिकेला?"

"सध्या तरी. इथल्या पुरोहितांचे अजून एकमत झालेले नाही."

मी आमचे गोत्र उच्चारले, मुलाने ते म्हणजे काय हे इंग्रजीत सांगितले, तेव्हा समोर ठेवलेल्या टॅबलेटवरून विहीणबाईंनी विचारले, की आमच्या घराण्याला काही आहे की नाही? ज्यांचे गोत्र ज्ञात नसते त्यांचे काश्यप मानतात, आणि लग्नातच मी ते त्यांना देऊन ठेवले होते, असे मी सांगितले. विहीणबाई प्रसन्न झाल्या. इतकी वर्षे हे आपल्याला कोणी कळवले कसे नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

मग मी नातीला म्हणालो, "आता इच्छा सांग. ती मी उच्चारीन, तू हातातले पाणी ताम्हनात सोड. सोडल्यावर संकल्प बदलत नाही."

"म्हणजे सामन्यासारखंच," ती म्हणाली आणि तळहाताकडे पाहत राहिली.

घड्याळात पावणेदहा वाजून गेले होते. पाणी बोटांच्या फटींतून ठिबकू लागले.

"गोलकीपर ना तू?" मुलगा म्हणाला. "हातात एवढं पाणी राहत नाही?"

"डॅड, प्लीज!" मग ती माझ्याकडे वळली. "आजोबा, मला बाकावर नाही बसायचं. मला खेळायचंय. आयर्लंड."

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला. मुलगा छताकडे पाहू लागला. आणि ज्याने ते उच्चारायचे, तो मी निरांजनाची वात सारखी करत बसलो. मी तटस्थ नव्हतो. पहाटे, कोणी उठण्यापूर्वी, मी स्वतः संकल्प केला होता, की ही इथेच खेळो. गाडीने जाता येईल अशा अंतरावर.

"आजोबा, पाणी संपतंय."

मी पळीने आणखी थोडे घातले. आयर्लंडला संस्कृत नाव मला सुचेना. आहे तेच नाव मी सप्तमी विभक्तीत घातले आणि स्पष्ट उच्चारले. तिने पाणी सोडले. विहीणबाईंना काहीच समजले नव्हते, तरी त्या रडू लागल्या.

नातीचा डावा हात फोनकडे गेला.

"शुभकार्य डाव्या हाताने नको," मी म्हणालो.

"उजवा ओला आहे. फोन ओलं बोट घेत नाही."

दहाला चार मिनिटे होती. मी खांद्यावरचे उपरणे काढले, तिचा हात धरला आणि एकेक बोट कोरडे केले. अंगठाही.

"हं," मी म्हणालो, "आता पाठव."