पालथ्या वाडग्यातला चेहरा

गेल्या मंगळवारी आईला घेऊन हॉस्पिटलला निघाले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. थेरपिस्टनं फोनवर सांगितलं होतं, तुमच्या आईला बहुतेक चेहरे ओळखता येत नाहीयेत. म्हणजे माझी आई मला ओळखत नाही?... काहीतरीच!

आई मूळची चिंचवडची. बाबा गेल्यावर आमच्याकडे अबुधाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आली. रमजानच्या सुमारास तिला स्ट्रोक आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, स्मरणशक्ती तर अशी की माझ्या बारशाला कोणी काय आणलं ते आजही सांगेल. आम्ही पेढे वाटले आणि खलास, संकट टळलं असं धरून चाललो.

मग बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. लिफ्टमधून ती एका परक्या बाईच्या मागोमाग बाहेर पडली. पार्कात माझी लेक इरा समोर उभी असताना दुसऱ्याच मुलीला "चल गं घरी" म्हणाली. इरा रडवेली होऊन म्हणाली, "ममा, आजी लुक्ड राइट ॲट मी." आम्ही काय केलं? चष्म्याचा नंबर बदलून आणला.

त्यात आपल्या लोकांची ती सवय... दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "काय काकू, ओळखलंत का?" आई झकास हसायची. "म्हणजे काय! न ओळखायला काय झालं?" म्हणायची आणि पाणी आणायला आत जायची. परत येईपर्यंत पाहुण्यांच्या गप्पा सुरू झालेल्या असायच्या आणि आवाजावरून तिला माणूस कळलेला असायचा. आम्हाला कुणाला कधी शंकासुद्धा आली नाही.

थेरपिस्ट शीबा, केरळची. शांत मुलगी. तिनं मला बजावलं, मध्ये बोलायचं नाही, काही सुचवायचं नाही. आणि टॅबवर एक चित्र उघडलं... काळ्या वाडग्यात भरलेल्या भाज्या. कांदे, गाजरं, मुळा, हिरवा पाला.

"आंटी, क्या दिख रहा है?"

"सब्जी है," आई म्हणाली. एकेक नाव बरोबर सांगितलं. अळंबीसुद्धा ओळखली, जी तिनं जन्मात घरात आणू दिली नाही.

मग शीबानं टॅबवरचं चित्र खालचं वर फिरवलं. मी चक्क दचकले. त्याच भाज्या, पण आता समोर एक माणूस होता! मुळ्याचं नाक, कांद्याचे फुगलेले गाल, अळंब्यांचे ओठ, पाल्याची दाढी आणि डोक्यावर पालथा वाडगा टोपीसारखा. असा मिस्कील बघत होता की बस्स.

आई बघत राहिली. मी खुर्चीच्या कडेवर... अगं आई, बघ ना, नाक आहे, डोळे आहेत, एवढं ठसठशीत तोंड आहे! ओठांवर आलेलं मी गिळलं. शीबानं माझ्याकडे एक नजर टाकली, तशी मी हात मांडीखाली दाबून धरले.

आईच्या कपाळावर आठी पडली. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, वाडगा पालथा का घातला हिनं? सगळी भाजी सांडेल ना."

शीबा गोड हसली आणि टॅब मिटला.

तसली चित्रं म्हणे इटलीतल्या एका चित्रकाराची, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीची. नाव लांबलचक, माझ्या जिभेवर काही बसेना. फळं, भाज्या, मासे रचून तो माणसांचे चेहरे काढायचा. राजेरजवाडे बघून हसत असतील. मेंदूत चेहरा ओळखायची जागा वेगळी आणि वस्तू ओळखायची वेगळी, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं... आणि आज त्याचंच चित्र माझ्या आईचं काय हरवलंय ते सांगून गेलं.

आईला लॉबीत बसवून मी वॉशरूममध्ये गेले. पोटभर रडले. तोंडावर पाणी मारून परत आले आणि तिच्यासमोर उभी राहिले. पर्समध्ये टिश्यू शोधत होते.

आईनं वर पाहिलं. परक्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चटकन हात ठेवला.

"सॉरी हां. ये जगह मेरी बेटी की है. अभी आती है वो."

मी तिच्यासमोर वाकले.

"आई... मीच आहे गं."

आवाज ऐकला मात्र, तिचा चेहरा उजळला. आणि लगेच पडला, कारण आपलं बिंग फुटलं हे तिला कळलं. मग खाली बघत हळूच म्हणाली, "डोळे दिसतात, नाक दिसतं, टिकली दिसते. पण ते सगळं मिळून तू होत नाहीस बघ... बोललीस की होतेस."

"सांगितलं का नाहीस मला?"

"पोटच्या पोरीला ओळखत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मी त्या खुर्चीत बसले आणि बोलत सुटले. पार्किंग, इराची टेस्ट, संध्याकाळी पिठलं करायचं का भरली वांगी... डोळ्यांतून पाणी आणि तोंड चालूच. समोरची एक अरबी आजी बघत होती, बघू दे. आई माझा हात धरून ऐकत होती.

चेहरा परत येईल की नाही, शीबालाही सांगता येत नाही. इन्शाल्ला म्हणाली. पण मी कशी दिसते ते हरवलेलं असतानाही माझी जागा तिनं कुणाला बसायला दिली नव्हती... एवढं शिल्लक आहे, मला पुष्कळ आहे.