भाडेकरूवरचा आळ आणि घरातलं वायफाय

पिंपळे सौदागरमधली ती घटना मी विसरू शकलेलो नाही. खून नाही, दरोडा नाही, तरीही एका माणसाची अब्रू पणाला लागली होती.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो, तोच ठाणे अंमलदार एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आत आले. गृहस्थ गावचे जुने शेतकरी. जमिनीवर आता इमारत उभी होती, वरच्या मजल्यावर स्वतः राहत, खाली भाडेकरू. त्यांची सून घरातून मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेई. आदल्या दिवशी मुलांना गणित दाखवत असताना तिच्या पडद्यावर अश्लील जाहिरात उघडली. मुलांच्या आयांचे फोन आले. शिकवण्या बंद पडायची वेळ आली.

“आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई सायेब,” गृहस्थ म्हणाले. “वायफायचा पासवर्ड बाहेरच्या एकाच माणसाकडं हाय. त्या भाडेकरूकडं.”

भाडेकरूने हॅकिंग केलं, असा त्यांचा लेखी तक्रार अर्ज होता. महिनाअखेर खोली रिकामी करायलाही त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं.

भाडेकरूला बोलावलं. बीडकडचा माणूस, चाकणच्या एका कंपनीत कामाला, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. रात्रपाळी करून तो थेट ठाण्यात आला होता. मी विचारत होतो आणि तो खाली मान घालून गप्प. माझ्या हवालदारांनी डोळ्यांनीच मला खुणावलं, हाच आहे. खरं सांगायचं तर गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल पोलिसाला पहिला संशय येतोच. पण नोकरीत एवढं पाहिलं होतं की, गुन्हा केलेला माणूस बहुधा भरभर बोलतो. लाजलेला माणूस बोलत नाही. मी चहा मागवला आणि इतरांना बाहेर पाठवलं.

चहा अर्धा झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, माझ्याबी मोबाइलवर त्या घाण जाहिराती येतात. बायकोनं पाहिलं. ती माझ्याशी बोलंना झाली. मी कोणाला सांगू?”

“कंपनीत असतानाही येतात?”

त्याने मान वर केली. “नाही. तिकडं मोबाइलचं नेट असतं. घरी आलं की येतात.”

चौकशी तिथेच फिरली. मी त्याला सोबत घेऊन घरमालकांकडे गेलो, माझा स्वतःचा फोन त्यांच्या वायफायला जोडला आणि बातम्या उघडल्या. थोड्याच वेळात घरमालकीणबाईंसमोर माझ्याच फोनवर तसलीच जाहिरात झळकली. बाईंनी पदर तोंडाला लावला. मी फोन पालथा ठेवला आणि घरमालकांना म्हणालो, “आता माझ्यावरही अर्ज द्या.” ते हसले नाहीत. भाडेकरूकडे बघून खाली बसले.

सायबर शाखेच्या सहकाऱ्यांनी वायफायची डबी, म्हणजे राउटर, तपासला. त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता आणि आतली सेटिंग कोणीतरी बदलली होती. त्यामुळे घरातला प्रत्येक फोन वाट वाकडी करून जाहिरातवाल्यांच्या दारातून जात होता. पंचनामा करून राउटर ताब्यात घेतला.

त्याच आठवड्यात बाजारातल्या मोबाइल दुरुस्ती दुकानदाराने खबर दिली. शेजारच्या पिंपळे गुरवमधली काही गिऱ्हाइकंही हीच तक्रार घेऊन त्याच्याकडे आली होती, आणि सगळ्यांकडे नेटची जोडणी एकाच माणसाने केली होती. आमच्या घरमालकांकडेही त्यानेच.

तो माणूस ठाण्यात आला तो बोलतच. कंपनीचा दोष, सरकारचा दोष, लोक नको ते बघतात त्यांचा दोष. मी सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, तुझ्या घरी येतात का रे या जाहिराती?

“नाही साहेब, माझ्या राउटरची सेटिंग मी कुठं बदलली...” म्हणता म्हणता तो थांबला.

मग त्याने जबाब दिला. जाहिराती दाखवल्याबद्दल त्याला जाहिरातवाल्यांकडून कमिशन मिळत होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

घरमालक दुसऱ्या दिवशी भाडेकरूच्या दारात गेले, हे मला सुनेने सांगितलं. ते त्याच्या बायकोला म्हणाले, “पोरी, चूक माझी हाय. तुझ्या माणसाची न्हाई.” खोली रिकामी करण्याचा विषय संपला. सुनेने मुलांच्या पालकांना सगळी हकीकत सांगितली आणि शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. घरात काही बिघडलं की आपण आधी बाहेरून आलेल्या माणसाकडे बघतो. भिंतीवर लुकलुकणाऱ्या डबीकडे कोणी बघत नाही. निवृत्तीनंतर सोसायट्यांमध्ये बोलायला जातो तेव्हा मी साधंच सांगतो: राउटरचे दोन्ही पासवर्ड बदला, वायफायचाही आणि सेटिंगचाही. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवा. कुठलीही साइट ‘नोटिफिकेशन पाठवू का’ असं विचारते तेव्हा नाही म्हणा. जाहिरात आलीच तर तिच्यावर बोट न ठेवता पान बंद करा. आणि कोणावर आळ घेण्याआधी आपला फोन दुसऱ्या नेटवर लावून बघा.

परवा त्या भाडेकरूचा फोन आला. चाकणजवळ त्याने स्वतःचं घर घेतलंय. वास्तुशांत होती. “नेटवाला आलाय साहेब,” तो म्हणाला. मागून त्याच्या जुन्या घरमालकांचा आवाज ऐकू आला. ते नेटवाल्याला बजावत होते, “पासवर्ड तू टाकायचा न्हाई. घरची लक्ष्मी टाकंल.”

आणि मग त्याची बायको हसलेली ऐकू आली.