स्प्रिंगमधली हवा

माल भरलेली गाडी दिसली की मी आधी तिचं बूड बघते. हसू नका, ही सवय सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. चादरींचे गठ्ठे चढवून झाले की ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसायचे आणि टायर व वरचा पत्रा यांच्यातल्या फटीत बोटं आडवी घालायचे. चार बोटं गेली तर निघायचं, तीनच गेली तर एक गठ्ठा खाली. वजनकाटा आमच्या दारात कधी आलाच नाही. सासरे गेल्यावर ते काम नवऱ्याकडे आलं.

आमची गाडी खरं तर माणसांची. मागच्या सीट काढून आम्ही तिला मालाला जुंपलेली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून गठ्ठे उचलायचे, सांगोला, वेळापूर असे बाजार करायचे. भरली की बिचारी मागून बसायची आणि खड्ड्यात आपटायची. शेवटी नवऱ्यानं मागच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगांच्या आत रबरी एअर बॅगा बसवून घेतल्या. अपघातात तोंडावर फुगतात त्या नव्हेत. या स्प्रिंगच्या पोटात राहतात, पंक्चरवाल्याकडून हवा भरली की गाडीचं बूड वर उचलून धरतात. नवऱ्याला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता.

माझी मात्र झोप उडाली. कारण आता कितीही भरा, बोटं चारच जायची.

"अहो, हवेनं गाडी उचलली, वजन कुटं कमी झालं? ब्रेक तेच हायती की!" मी म्हणायची.

"बघ की, चार बोटं जात्यात," ते फटीत हात घालून दाखवायचे. "अप्पांचाच हिशेब हाय."

वाडवडिलांचं नाव घेतलं की बायकोचं तोंड बंद होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते एकटे बाजाराला गेले की मी घरात येरझाऱ्या घालायची. भाजी करपायची, फोन लावायची आणि त्यांनी उचलण्याआधीच ठेवून द्यायची. थंडी पडली, चादरींना गिऱ्हाईक वाढलं, तशी गाडी छतापर्यंत भरू लागली. एका सकाळी मी सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. घरी बसून मरण्यापेक्षा हे बरं.

सांगोल्याच्या अलीकडे एक उतार आहे. तिथं शेरडं रस्ता ओलांडत होती, मागं एक म्हातारी. नवऱ्यानं लांबूनच ब्रेक दाबला. गाडी थांबेना. मागचे गठ्ठे पुढं रेटत होते, नवऱ्याचा पाय ब्रेकवर ताठ झालेला, मी डॅशबोर्ड धरून ओरडत होते. शेरडं फाकली. जळक्या रबराचा वास सुटला आणि म्हातारीपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली.

तिनं बॉनेटवर काठी आपटली. "आंधळा हायस व्हय रं? आत बायकू हाय न्हवं तुझी?"

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. खाली उतरून गठ्ठे उतरवू लागले. अर्धे उतरल्यावर म्हणाले, "तू हितं मालापाशी बस. गाडीतलं एवढं बाजारात टाकून मी माघारी येतो."

"मी का नको गाडीत?"

"ब्रेक तापल्यात. भरवसा न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "मला बसवायचा भरवसा न्हाय, आणि तुमी चालवत जाणार? तुमचं काय झालं तर मी या चादरी पांघरून बसू?"

रस्त्याच्या कडेला एका गठ्ठ्यावर ते मटकन बसले. मी चावी काढून पदरात बांधली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला, भर रस्त्यात, येणारीजाणारी माणसं बघत असताना. त्या दिवशीचा बाजार बुडाला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.