मी भरलेली हवा

हातोडीने चाक वाजवून हवा ओळखणारा मिस्त्री म्हणून भाईंदरात माझं नाव होतं आणि त्या नावाचा मला माज होता. हवा मोजायचा मीटर मी कधी घेतलाच नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, "ज्याला कान नाहीत त्याला मीटर लागतो." लोक हसायचे आणि मी आणखी शेफारायचो.

माझं गॅरेज मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. येणाऱ्या गाड्या म्हणजे बहुतेक मिठाचे ट्रक. ओलं मीठ कागदावर लिहिलेल्या वजनात कधीच बसत नाही, त्यामुळे त्या ट्रकच्या चाकांत हवा दगडासारखी ठासून भरावी लागायची. गाडी सोडताना ड्रायव्हरच्या समोर एकेका चाकावर हातोडी मारून दाखवायची, ही आमच्याकडची रीत. टण्ण वाजलं की ड्रायव्हर खूश. ठप्प वाजलं तर तो जागचा हलायचा नाही. मीही गाडी कोणाची, किती वजनाची, हे न बघता सगळ्यांना तोच टणटणीत आवाज काढून द्यायचो. कमी हवा देऊन गिऱ्हाइकाला फसवलं असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. हिवाळ्यात एके सकाळी माझ्या दारात एक अख्खं घर येऊन उभं राहिलं. म्हणजे बसच, पण खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत पलंग, शेगडी, कपबशांचं कपाट. एक गोरा साहेब आणि त्याची बायको ती बस हाकत जमिनीच्या रस्त्याने युरोपातून इथवर आली होती. दोघंही साठीच्या घरातली. बरोबर उत्तनचा एक म्हातारा होता, त्याला सगळे अंकल म्हणायचे. बोटीवर स्वयंपाकी म्हणून जग फिरलेला, इंग्रजी बोलणारा. तो त्या दोघांना आपल्या वाडीत मुक्कामाला घेऊन चालला होता आणि वाटेत चाक पंक्चर झालं होतं.

मी पंक्चर काढलं. मग परदेशी पाहुणे आहेत, आपल्या गावाची शोभा व्हावी, म्हणून न विचारता बाकीच्या चाकांतही हवा भरली. सहाही चाकं टण्ण वाजवून दाखवली. साहेबाने हसून माझा काळा हात हातात घेतला.

पाचव्या दिवशी अंकल सायकलवरून आला. "मिस्त्री, चल माझ्याबरोबर. गाडी लई आदळते हाय. बाईच्या पाठीचं आपरेशन झालेलं हाय, तिला बसवत न्हाय. ती म्हणते, बस झालं, बोटीत टाका गाडी नि घरी चला."

"मग?"

"मग काय? साहेबाला कन्याकुमारी बघायची हाय. दहा वर्षं त्याने ती गाडी बांधली. तो तोंड पाडून बसलाय."

मी पाने, हातोडी पिशवीत घातली आणि निघालो.

नारळांच्या सावलीत गाडी उभी होती. मी खाली शिरलो आणि चाटच पडलो. पाटे नावाची वस्तूच नाही! ट्रकला जिथे लोखंडी पाट्यांची चवड असते तिथे रबराचे जाडजूड फुगे, हवेने भरलेले. अंकलने साहेबाचं ऐकून मला समजावलं. गाडी एका बाजूला खाली बसली की एक बारीक दांडी हलते, तिने व्हॉल्व उघडतो, फुग्यात हवा जाते आणि गाडी पुन्हा सरळ होते. मागची डावी दांडी वाटेत इराणात तुटली होती. साहेबाने रस्त्याच्या कडेला बसून नवी बनवून लावली होती. ते सांगताना तो बायकोकडे बघत होता. तिला पहिल्यापासून त्या दांडीचा संशय होता.

मला त्या फुग्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. मी साबणाचं पाणी फुग्यांवर फिरवलं. एक बुडबुडा आला नाही. दोन्ही बाजूंची उंची वितीने मोजली, बोटभराचाही फरक नव्हता. म्हणजे साहेबाची दांडी चोख काम करत होती. धक्के झेलणाऱ्या शॉकअबमधूनही तेल गळत नव्हतं. साहेबाने चाकांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी प्रश्न पुरता न ऐकताच हातोडी उचलली आणि चाक वाजवलं. टण्ण! अंगठा वर केला. त्याने मान डोलावली. मी मिस्त्री होतो ना!

शेवटी मी म्हटलं, चालवून दाखवा. डोंगरी, राई या गावांकडच्या रस्त्याने आम्ही निघालो. बाई पुढे बसायची ती जागा मी मागून घेतली. रस्त्यात मोठा खड्डा आला तेव्हा मी घट्ट धरून बसलो, पण गाडी झोपाळ्यासारखी खाली जाऊन अलगद वर आली. असं सुख मी कुठल्या गाडीत पाहिलं नव्हतं. मग खडीचा तुकडा लागला. बारीक खडी, ट्रकवाला जिच्याकडे बघतही नाही. आणि माझे दात वाजायला लागले. कपाटातल्या कपबशा खणखणल्या. मागे पलंगावर बाई कमरेखाली दोन्ही हात घालून, डोळे मिटून पडली होती.

मोठा खड्डा गाडी गिळते आणि बारीक खडीने हाडं हलतात. म्हणजे फुगे ठीक आहेत. मार चाकांतून येतोय. एवढं कळायला मिस्त्रीसुद्धा असावं लागत नाही. मिठाचा ट्रक आणि हे पडदे लावलेलं घर, दोघांना मी एकाच मापाची हवा भरली होती. बाईच्या पाठीत पाच दिवस जी कळ जात होती ती माझी होती.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. साहेब शेजारी गाडी चालवत होता, अंकल मागे होता, सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला दिसत होता तो भाईंदरचा नाका आणि तिथे हसणारे ड्रायव्हर. कानवाल्या मिस्त्रीने गोऱ्या बाईची पाठ मोडली, असं ते म्हणणार. मी हाताने गाडी परत वळवायची खूण केली.

वाडीत परतल्यावर मी सगळ्यांना चहा प्यायला अंकलच्या घरात पाठवलं. तासभर लागेल म्हणालो. मग चाकाचाकाशी बसून खिळ्याने व्हॉल्व दाबला आणि हवा सोडली. शी... शी... सहा वेळा. हातोडी हळूच मारून बघितली, ठप्प आवाज आला. त्यानंतर साहेबाची ती दांडी उघडली, तिला ग्रीस फासलं आणि होती तशीच परत बसवली. हात मुद्दाम कोपरापर्यंत काळे केले.

पुन्हा त्याच खडीवर गाडी नेली. कपबशा गप्प. बाईने हात पाठीखालून काढले, उठून बसली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. साहेबाने गाडी थांबवली, मला मिठी मारली आणि काहीतरी विचारलं.

अंकल म्हणाला, "तो विचारतोय, काय झालं होतं?"

मी खाली, मागच्या डाव्या दांडीच्या दिशेने बोट दाखवलं. "साहेबाची दांडी नीट बसली नव्हती. घरच्या कामाचं असंच होतं."

अंकलने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढली. बाई हसत काहीतरी बोलली, त्याच्या पाठीवर थाप मारली. तोही हसला, पण ते हसू मला ओळखीचं होतं. चारचौघांत चूक निघाल्यावर माणूस जसा हसतो तसं ते होतं.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"म्हणते, मी बोलतच होते, तुला न्हाय जमत."

दोन दिवसांनी कन्याकुमारीला जाताना बस माझ्या गॅरेजपाशी थांबली. अंकल हायवेपर्यंत वाट दाखवायला बरोबर होता; परतीसाठी आणलेली सायकल त्याने माझ्या दाराशी उतरवून ठेवली. साहेब खाली उतरला आणि कापडी गुंडाळी माझ्या हातात ठेवली. त्याचे पाने. त्याने बायकोला शब्द दिला होता की यापुढे गाडीला हात लावणार नाही, मिस्त्रीकडेच नेईन. ज्याच्या हातात हे शोभतं त्याला देतोय, असं तो म्हणाला. अंकल हे सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांत बघत होता. सांगून झालं तरी तो तिथेच उभा राहिला, मी काही बोलेन म्हणून. मी गुंडाळी घेतली आणि नमस्कार केला.

बस हायवेला लावून अंकल परत आला. म्हणाला, "चहाच्या वेळी मी अंगणात होतो. सहा वेळा हवा सोडलीस तू. मी मोजली. तू आपणहून सांगशील म्हणून मी तोंड उघडलं न्हाय. ते माझंपण चुकलं." तो सायकलवर बसला आणि गेला. त्यानंतर तो माझ्या गॅरेजमध्ये कधी आला नाही, त्याची सायकलसुद्धा.

गुंडाळी मी घरी उघडली. पाने पुसून, मापाप्रमाणे लावलेले. कडेच्या खिशात पेनासारखी एक पितळी नळी होती. उलटसुलट करून बघितली तेव्हा कळलं, चाकाची हवा मोजायचा मीटर. म्हणजे तो सगळा वेळ त्याच्याजवळ होता. मी अंगठा वर केला म्हणून त्याने तो बाहेर काढला नव्हता.

आणखी एक वस्तू होती, इराणात तुटलेली ती जुनी दांडी. त्याने ती जपून ठेवली होती. कारखान्याची होती, पण सांध्यापाशी पातळ, तुटणारच अशी. त्याने बनवलेली मी उघडून हातात धरली होती. सांधा जाड ठेवलेला, कडा कानशीने घासून गोल केलेल्या, रस्त्याच्या कडेला बसून. वीस वर्षं लोखंडात घालवून मला तशी जमली नसती. त्या बाईला हे सांगू शकेल असा माणूस अख्ख्या भाईंदरात मी एकटा होतो.