ट्रे बाटला म्हणणारी

रविवारच्या जेवणात टेसाच्या हातून वाढायचा डाव खाली पडला. तिने तो उचलला, जीन्सला पुसला आणि पुन्हा घेवड्याच्या भांड्यात घातला. कुणाला काही वाटलं नाही. तिच्या आईला, रॉबर्टा मॅटिंग्लीला मात्र तेव्हापासून चैन पडेना.

कारण ही टेसा होती. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देण्याचं काम तिने तरुणपणापासून केलं होतं आणि ते अंगात मुरलं होतं. घरीसुद्धा कशाला स्पर्श होऊ नये म्हणून हात छातीशी धरून उभी राहायची. मांडलेल्या टेबलाकडे पाठ करायची नाही. एका थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिच्या हातातली केक कापायची सुरी सिंकच्या कडेला लागली. कुणी पाहिलंही नव्हतं, पण तिने आपणहून सांगितलं आणि दुसरी सुरी सापडेपर्यंत सगळं घर ताटं घेऊन ताटकळलं. तिच्या कामाचा पहिला धडाच तो: कोणी पाहिलेलं नसलं तरी बोलायचं.

"काय झालंय?" भांडी घासताना रॉबर्टाने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणणारी माणसं असा डाव पुसत नाहीत," पुसायचं फडकं घेऊन उभी असलेली वांडा मावशी म्हणाली. ही रॉबर्टाची धाकटी बहीण, गावातली केस कापणारी.

मग टेसाने सांगितलं. हॉस्पिटलने डस्टिन नावाचा नवा माणूस घेतला होता. चाळिशीचा, गोडबोल्या. नदीपलीकडे इंडियाना राज्यात शिक्षणाशिवाय या कामाला लावत नाहीत, म्हणून तो पूल ओलांडून केंटकीत आला. इथे तशी अट नाही. त्याला काम दाखवायला टेसा शेजारी उभी होती. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्याने हातमोजा घातलेल्या हाताने मास्कवरून नाक खाजवलं आणि त्याच हाताने ट्रेमधली करवत उचलली.

"मी म्हटलं, थांबा, ट्रे बाटला. डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं. डस्टिन म्हणाला, मी नाकाला हातच लावला नाही. दुसरा ट्रे येईपर्यंत पेशंट तसाच भुलीखाली पडून. दुसऱ्या दिवशी मला तळघरात पाठवलं. हत्यारं धुवायला."

"आणि तो?"

"तो टेबलापाशीच आहे. डॉक्टर म्हणतात, त्याच्याबरोबर काम भराभर होतं."

वांडाने फडकं ओट्यावर आपटलं. "माझ्या हातात कात्री यायच्या आधी सरकारने माझी परीक्षा घेतली. मी चुकले तर केस परत वाढतात. गुडघा वाढतो का गं?"

"मावशी, हसवू नकोस."

"तू पलीकडे का जात नाहीस?" रॉबर्टा म्हणाली. "तुझं तर सगळं शिक्षण झालंय."

"माझं घर इथे आहे, आई. पोराची शाळा इथे. मी फक्त पुढच्या वेळी बोलणार नाही. वर घेतील मला परत."

हे तिने इतक्या शांतपणे म्हटलं की रॉबर्टाच्या हातातली बशी तशीच साबणात राहिली. टेसाची नोकरी गेली असती तरी रॉबर्टाला इतकं लागलं नसतं.

ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून त्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या मासळीचं जेवण होतं. त्या भागाचा आमदार लाइल हेगन टेबला-टेबलावर हात मिळवत फिरत होता. आठवीत त्याला रॉबर्टानेच शिकवलं होतं. ऑपरेशन थिएटरमधल्या मदतनिसांना शिक्षण आणि नोंदणी बंधनकारक करणाऱ्या कायद्याचा मसुदा विधानसभेत त्याच्याच समितीपुढे दोन वर्षं धूळ खात पडला होता.

"लाइल, तो कायदा का अडवून ठेवलायस?"

"बाई, आधी मासा तरी खाऊ द्या."

"खा. चावताना ऐकता येतं."

आजूबाजूचे हसले. लाइलही हसला. "बाई, लहान हॉस्पिटलांना माणसं मिळत नाहीत. वर आणखी नियम लादून लोकांच्या पोटावर पाय द्यायचा का? आणि आपल्याकडे कुणाची तक्रार आहे? तक्रार करणाऱ्याचं एक नाव आणा. मी ऐकून घेईन."

रॉबर्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. नोंदणीच नाही, तर तक्रार कुणाविरुद्ध आणि कुठे करायची? ज्या माणसाचं नाव सरकारच्या दप्तरी कुठेच नाही, त्याने कुणाचा गुडघा नासवला तरी तो पुढच्या गावात जाऊन पुन्हा मास्क बांधणार. आणि जी बोलली ती तळघरात करवती धूत बसलेली. हे सगळं त्या हॉलमध्ये ओरडून सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण द्यायचं ते नाव टेसाचं होतं, तिला न विचारता कसं देणार? रॉबर्टा ताट घेऊन उठली.

शनिवारी सकाळी ती टेसाकडे गेली. टेसा पोराची जर्सी वाळत घालत होती.

"मी लाइलला फोन करणार आहे. त्याला एक नाव हवंय."

टेसाने चिमटा लावला, दुसरा हातात घेतला. "नोकरी जाईल."

"जाईल."

"मग पोराचं काय?"

"तू पलीकडे नोकरी धर, शाळेतून त्याला मी आणीन. टेसा, तू नको म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाही. पण नीट नको म्हण. खांदे उडवू नकोस."

टेसाने दुसरा चिमटाही लावला. मग म्हणाली, "डस्टिन वाईट माणूस नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. तेही सांग."

"सांगते."

"आणि आई, माझं आडनाव सांगताना आवाज खाली आणू नकोस."

रॉबर्टाने पर्समधून फोन काढला आणि अंगणातच लाइलच्या घरचा नंबर लावला.