वायफाय गेलं आणि मी रुबीनावर संशय घेतला

मंडळी, खरं सांगते, आज सकाळी मी शेजारच्या रुबीनाला मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून टाकलं.

आमच्या दोन घरांत एकच वायफाय आहे. राउटर माझ्याकडे, पासवर्ड दोघींकडे. सकाळी लॅपटॉप उघडला तर वायफायच गायब! फोनवर मात्र व्यवस्थित चालू. आणि निजामपुऱ्यातल्या लूमवाल्या शेठना बाराच्या आत कापडाचं डिझाईन पाठवायचं होतं.

फोन चालतो आणि लॅपटॉप नाही, म्हणजे कोणीतरी मुद्दाम ब्लॉक केलाय. आमच्या कामतघरच्या चाळीत राउटरमधलं कळतं कोणाला? कॉम्प्युटर शिकणाऱ्या रुबीनाला. परवाच गॅलरीत कपडे वाळत घालण्यावरून आमची बोलाचालीही झाली होती. झालं! मी फोनवरून पासवर्ड बदलून टाकला. लॅपटॉप तरीही ढिम्म.

अकराला तीच दारात. "दीदी, नेट गया क्या? मेरा भी सुबह से बंद है."

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने माझी स्क्रीन बघितली. "कल लिनक्स अपडेट किया था क्या?"

केलं होतं. अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला आणि वायफायचा ड्रायव्हर जुन्यालाच चिकटून राहिला. तिने स्वतःचा मोबाईल केबलने जोडला आणि स्वतःच्या डेटावर ड्रायव्हर पुन्हा बसवून दिला. डिझाईन वेळेत गेलं.

जाताना म्हणाली, "आपका तो हो गया. अब मेरा भी देख लो ना, दीदी."

नवा पासवर्ड अजून माझ्याकडेच आहे. काय सांगून देऊ तिला?